देवाजीचं नाक

देवाजी, तुझी तेरवी होऊन बारा दिवस झाले आणि गावात तुझ्याबद्दल आता एकच गोष्ट सांगतात. दारू पकडणारा दारू पिऊन मेला. एसटीच्या थांब्यावर सांगतात, धानाच्या गिरणीत सांगतात, गेल्या आठवड्यात तर कंडक्टरनं मलाच सांगितली. वर विचारलं, तुमचाच पेशंट होता नं सर? मी हो म्हणालो आणि खिडकीकडं तोंड केलं.

तुला माझी सवय माहीत आहे. मी आधी प्रस्तावना करतो, मग उदाहरण देतो, आणि मुद्द्यावर येईपर्यंत ऐकणारा बिडी ओढायला बाहेर गेलेला असतो. म्हणून आज मुद्दा आधी. लोक म्हणतात, चोरटी दारू शोधायच्या नावाखाली तू महिनोन् महिने एकटाच जंगलात जाऊन चोरून पीत होतास. तू एकटा एकदाच गेलास. आणि गेलास ते मी फोन करून जा म्हटलं म्हणून. हे तुला ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे. तू गेलास, मी राहिलो, आणि कालपर्यंत मी कोणापाशी तोंड उघडलेलं नव्हतं.

थकलो रे. व्यसन सोडवणाऱ्या माणसानं असं म्हणू नये, पण तुझ्यापाशी काय लपवायचं. दर मंगळवारी गडचिरोलीहून त्याच एसटीत बसायचं, ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीचं तेच कुलूप उघडायचं, टेबलावरची धूळ पुसायची आणि ‘या, बसा’ म्हणायचं. समोरचा माणूस बदलतो, हकिगत तीच असते. तू गेल्यापासून तर मी ‘या, बसा’ म्हणतो आणि पुढचं काही सुचत नाही.

तू म्हणायचास, सर, तुमी बोलता तवा आमचे असता अन् कागद घेतला का पुन्याचे होता. खरंच आहे. मी वरोऱ्याचा, घरी ‘मले-तुले’ करणारा माणूस, आणि हे बघ कसं लिहितोय. चालवून घे.

पहिल्या मंगळवारी तुला बेबीताईनं, तुझ्या बायकोनं, आणलं होतं. आणलं म्हणजे काय, ती पुढं चालत होती आणि तू पन्नास पावलं मागं, योगायोगानं त्याच रस्त्यानं निघाल्यासारखा. मी विचारलं, रोज किती पिता? तू म्हणालास, भेटते तेवढी. मग मी माझं शस्त्र काढलं. मेंदूचं मोठं रंगीत चित्र. ते टेबलावर पसरलं तसं तू मान वाकडी करून पाहिलंस आणि गंभीरपणे विचारलंस, ही फुलगोबी कोनाची? बेबीताई तेव्हा पदरात हसली. ती घरी हसायचं विसरली होती, हे मला पुढं कळलं.

मी प्रशिक्षणात शिकलेली माकडाची गोष्ट तुला सांगितली. माकडाला आधी दिवा दाखवायचा, मग तोंडात फळाचा रस सोडायचा. सुरुवातीला रस मिळाला की त्याच्या मेंदूत डोपामाईन नावाचं रसायन उसळतं. असं पुष्कळ वेळा झालं की ते रसाला उसळत नाही, दिव्यालाच उसळतं. रस यायच्या आधीच मेंदू म्हणतो, आला, आला. आणि दिवा लागून रस आला नाही तर ते नेहमीच्याही खाली जातं, मग माकडाला चैन पडत नाही. मेंदू असाच शिकतो म्हटलं, अपेक्षा आणि मिळकत यांच्यातल्या फरकावर. तुझी दारू म्हणजे रस, पण तुला फिरवतात ते दिवे. मोहफुलांचा वास, सायंकाळ, भट्टीकडं जाणारी पाऊलवाट, सोबतचे दोस्त.

तू सगळं ऐकून घेतलंस. मग म्हणालास, “आमच्या म्हशीचं रेडकू मेलं होतं. माह्या बानं त्याच्या कातड्यात तणीस भरून उभं केलं. म्हैस त्याले चाटे अन् पान्हा सोडे. तिले का मालूम नव्हतं का, मेलं म्हून? मालूम होतं. पन पान्हा का तिच्या हातात होता?”

माझी पंधरा मिनिटं तू एका म्हशीत गुंडाळलीस. तेव्हापासून प्रत्येक शिबिरात मी माकड सोडून तुझी म्हैस सांगतो. लोकांना लगेच पटते. म्हैस देवाजीची, असं मात्र कधी सांगितलं नाही. ‘एक जण म्हणाला’ एवढंच. तेव्हा त्यात काही वाटलं नाही, आता वाटतं.

तू सोडलीस. कशी सोडलीस ते इथं लिहीत नाही. थरथर, घाम, भिंतीवर मुंग्या दिसणं, ते बेबीताईनं काढलं आणि तू काढलंस, मी मंगळवारपुरता होतो. तुझं लिव्हर तेव्हाच अर्धं गेलेलं होतं. डॉक्टरांनी तुला समोर बसवून सांगितलं होतं की आता एक थेंबही नाही, आणि तू विचारलं होतंस, थेंब कोन पेते जी?

मग नाकाचं निघालं. दुसऱ्या वर्षीची गोष्ट. मंदाबाईच्या दारूबंदी मंडळातल्या बाया नाल्याच्या काठानं दारूचा सडवा शोधत फिरत होत्या. सकाळपासून फिरून काही हाताला लागलं नव्हतं. तू पाण्याची कॅन धरून मागं होतास. एका जागी थांबलास आणि म्हणालास, इथी हाय. तिथं नुसता पालापाचोळा आणि शेणाचा ढीग. बाया हसल्या. मंदाबाईनं काठी खुपसली तर काठी मडक्याच्या तोंडावरच्या फडक्यात गेली. तीन मडकी निघाली. आत कुजत घातलेली मोहफुलं, वर फेस. बायांनी ती तिथंच फोडली आणि परत येताना गाणं म्हटलं. तू गाण्यात नव्हतास. तू कॅनमधलं पाणी हातावर ओतून राखेनं हात घासत होतास. तुझा हात मडक्याला लागलासुद्धा नव्हता.

त्या दिवसापासून तुझं नाव झालं. देवाजीचं नाक. कुठल्या कुठल्या गावाहून बोलावणं यायचं, कोणी फटफटीवर न्यायला यायचं. बाया हात जोडून म्हणायच्या, एक बार येऊन जा बापा. तू मातीखालचा सडवा शोधलास, कणगीतला शोधलास, एकदा तर म्हणे विहिरीत दोरानं सोडलेला शोधलास. पोलिसांना जमलं नाही ते तू करत होतास. आणि मी, देवाजी, मी त्याचं स्पष्टीकरण देत फिरत होतो. बैठकांत सांगायचो की पिणाऱ्याचा मेंदू हा वास इतका घट्ट शिकलेला असतो की दुसऱ्याला जाणवायच्या आधी त्याला जाणवतो. तोच आजार आपण औषधाला लावला, असं म्हणायचो. टाळ्या पडायच्या. त्या टाळ्या मला आवडायच्या, ते कबूल करतो.

आणि माझ्यापाशी सिद्धांत होता. मी त्याला ‘विझवणं’ म्हणायचो. दिवा पुन्हा पुन्हा लागला आणि रस कधीच आला नाही, तर मेंदू हळूहळू दिव्याचा अर्थ विसरतो. हे खोटं नाही, त्यावर उपचाराची रीतही आहे. मी अहवालात लिहिलं की देवाजीसाठी प्रत्येक शोध हा उपचारच आहे. सडव्यापाशी जातो, पीत नाही, परत येतो. असं शंभरदा झालं की ओढ मरणार. संस्थेतल्या वरच्या लोकांना हे फार आवडलं.

माझ्या वहीत त्याच पानावर खाली आणखी एक ओळ होती, प्रशिक्षणातच लिहून घेतलेली. जुनं शिकलेलं पुसत नाही, त्याच्यावर नवं बसतं. ज्या जागी आणि ज्या सोबतीत ते विझलं, तिथंच ते विझलेलं राहतं. जागा बदलली, सोबत सुटली, की खालचं वर येतं. त्या ओळीखाली मी पेननं रेघ मारलेली होती. रेघ मारली म्हणजे लक्षात ठेवलं, असं आम्हा शिकलेल्या लोकांना वाटतं.

शोधाहून आल्यावर तू जेवत नसायचास. दोन दोन दिवस म्हणायचास, भाताले वास येते. मंगळवारी शोध असला की संध्याकाळी थांब्यापाशी चिंचेखाली बसायचास आणि मला म्हणायचास, बसा नं सर जराशे. मी उभ्यानंच बोलायचो. एसटी चुकली तर मुक्काम पडेल, हे माझं ठरलेलं. नऊ वर्षांत एकदाही मुक्काम केला नाही मी. तुझ्या घरी झोपायला खाट होती, बेबीताईनं कितीदा म्हटलं.

एकदा, सहावं वर्ष असेल, तू सरळ बोललास. म्हणालास, सर, मले आता नका पाठवू. दोन दिवस डोळ्यापुढं तेच तेच येते. मी व्याख्यान सुरू केलं. तू उपयोगी पडतोयस, लोक तुला मानतात, हेही बक्षीसच आहे, मेंदू हेही शिकतो, दारूच्या जागी हे बसतंय. यातलंही काही खोटं नव्हतं. शोधाच्या दिवशी तू धुतलेला शर्ट घालायचास, कॉलरचं बटण लावायचास. ज्या बाया तुला पाहून दार लावायच्या त्या तुला आधी चहा द्यायच्या. मी हे सगळं तुला मोजून दाखवलं. तू चिंचेचा एक आकडा फोडत बसला होतास. म्हणालास, “हे काम हाय का दवा हाय, एकच सांगा.” मी म्हणालो, दोन्ही. “दवा असन तर किती दिवस घेयाची?”

एसटी आली. मी चढलो. ते भांडण आपलं तिथंच राहिलं, कारण पुढच्या आठवड्यात तू स्वतःच शर्ट घालून तयार होतास आणि मी समजलो की तुला पटलं. तुला पटलं नव्हतं. तुला नाही म्हणता येत नव्हतं. ज्या माणसाला गावानं वीस वर्षं कुठं बोलावलं नाही, त्यानं बोलावणं आल्यावर नाही कसं म्हणावं? एवढं साधं माणसाचं शास्त्र माझ्या चित्रात नव्हतं.

आता त्या दिवसाचं. मोह गळायला लागला होता. बाया पहाटेच टोपली घेऊन जंगलात जायच्या आणि उन्हं चढल्यावर पाठ धरून परत यायच्या. मंदाबाईचा मला फोन आला की तलावाच्या पलीकडं नाल्यात भट्टी लागली असं ऐकू येतं, पण खरं-खोटं माहीत नाही आणि बाया दमल्यात, उगाच कोण चालणार. मी घरी होतो, सर्दीनं नाक गळत होतं, मला हे प्रकरण संपवायचं होतं. मी म्हणालो, पाहतो. आणि तुला फोन लावला. तू आधी एकटा जाऊन पक्कं करून ये म्हटलं, मग बायांना सांगू. त्यांची पायपीट वाचेल.

तू थोडा वेळ काही बोलला नाहीस. मला वाटलं रेंज गेली. मी दोनदा हॅलो हॅलो केलं. मग तू म्हणालास, हाव जी.

खोटं बोललो. रेंज गेली असं मला वाटलं नव्हतं. तू गप्प आहेस हे मला कळलं होतं. तू का गप्प आहेस हे विचारलं असतं तर पुन्हा ते काम का दवा सुरू झालं असतं, आणि माझं डोकं दुखत होतं. म्हणून मी हॅलो हॅलो केलं.

तिथं काय झालं ते तू मला एकदाच सांगितलंस. मडकं सापडलं. नेहमी त्या वेळी मागं बायांचा गलका असायचा, मंदाबाईची काठी असायची, कोणी तरी ‘सापडलं गं’ म्हणून ओरडायचं. त्या दिवशी पाखरांशिवाय आवाज नव्हता. तू म्हणालास, कोनीच नव्हतं सर. मी बसलो. बसाचं नव्हतं. मंग हात घातला. एवढंच म्हणालास. मला पुढचं विचारायची गरज नव्हती, माझ्या वहीत ते आधीच लिहिलेलं होतं.

नंतरचे तीन आठवडे. पहिल्या मंगळवारी तू आलास. आत आला नाहीस, ओट्यावर बसलास, तोंडाला वास येत होता. आणि मी काय केलं? तीन माणसांदेखत तुला झापलं. नऊ वर्षांवर पाणी फिरवलंस म्हटलं. गावाला काय तोंड दाखवू म्हटलं. तू खाली बघत म्हणालास, बराबर हाय. मी तिथं उभा राहून वाट पाहत होतो की आता तू म्हणशील, तुमीच पाठोलं नं सर. तू म्हणाला नाहीस. आणि मला, देवाजी, हलकं वाटलं. हे लिहिताना माझीच मला किळस येते आहे, पण हलकं वाटलं. पुन्हा ओढ लागणं हा आजाराचाच भाग असतो, लाज दिली की माणूस परत त्याच दारात जातो, हे मी दर शिबिरात सांगतो. तुला मात्र मी लाजच दिली. दुसऱ्या मंगळवारी तू आला नाहीस. तिसऱ्या मंगळवारच्या आत रक्ताची उलटी झाली आणि गाडी यायच्या आधी तू गेलास.

तेरवीला मी आलो होतो. पंगत बसली होती. मंदाबाई चार लोकांत म्हणाली, आमाले का मालूम, हा शोधाले जात होता का पियाले. तिच्यावर रागावू नकोस. शेजारच्या गावांत तिच्या मंडळाला हसतात, जिथं जाईल तिथं तुझं नाव काढून टोमणे मारतात. तिनं तुला भाऊ मानला होता, म्हणून तिचं जास्त दुखलं. बेबीताई भिंतीला टेकून बसली होती. मंदाबाई बोलली तेव्हा तिनं तिच्याकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं. मी पत्रावळीवरचा भात कालवत राहिलो. माझ्या तोंडाशी शब्द आले होते. मग वाटलं, आता नको, लोक जेवतायत.

त्यानंतर मंडळात ठरलं की बैठकीत तुझं नाव घ्यायचं नाही. नव्या शिबिरात तुझा दाखला द्यायचा नाही. शंभरावर मडकी फोडवली असशील, त्यातलं एकही तुझं उरलं नाही.

काल मंगळवार होता. खोलीत तीन जण येऊन गेले. काय बोललो आठवत नाही. चार वाजता मंडळाची बैठक होती, मला बोलावलं होतं. मध्ये तासभर होता. मी तुझ्या घरी गेलो. बेबीताई अंगणात चटईवर मोहफुलं वाळत घालत होती. एवढं होऊनही ती मोह वेचते, नाही तर खाणार काय. तिनं पाणी दिलं आणि पुन्हा फुलं पसरायला बसली. मी बाजेवर बसलो. मग तिनं विचारलं, आणि ते तिनं किती दिवस मनात धरलं असेल कोणास ठाऊक.

“भाऊ, त्याईले दारू माह्याऊन जास्त आवडे का?”

या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. इतक्या वर्षांत शास्त्रानं मला दिलेलं हेच एक उत्तर मला मान वर करून देता आलं. मी म्हणालो, नाही. आवडणं वेगळं आणि पाहिजे असणं वेगळं, मेंदूत त्यांची कामंच वेगळी आहेत. सुरुवातीला दोन्ही सोबत चालतात. दारूनं पाहिजे असणं वाढत जातं आणि आवडणं तिथंच राहतं, कधी कमीसुद्धा होतं. मग माणूस नको असलेली गोष्ट जीव तोडून मागतो. मी तिला सांगितलं की तू मला एकदा म्हणाला होतास, दोन-चार वर्षं आवडली असन सर, मंग निस्ती पाह्यजे होती. आवडत तुला बेबीताई होती. ती पुढं चालली की तू पन्नास पावलं मागं का होईना, येत होतास.

ती म्हणाली, तोंड वाकडं करूनच पेत जी, कडू दवाई घेतल्यावानी. आणि मग ती रडली. मी तेरवीलाही तिला रडताना पाहिलं नव्हतं. हात चालूच होता, फुलं उलटीपालटी करत होती.

तेव्हा मी बोललो. म्हणालो, बेबीताई, त्या दिवशी त्याला एकट्याला मी पाठवलं. तो प्यायला गेला नव्हता.

तिचा हात थांबला नाही. “मालूम हाय. तुमचा फोन मीच उचलला होता. मीच त्याईच्या हातात देल्ला.”

देवाजी, मला आठवलं रे. फोन उचलला तो बाईचा आवाज होता. ‘देते जी’ म्हणाली होती. पंचवीस दिवस मी समजत होतो की ही गोष्ट जगात मला एकट्यालाच ठाऊक आहे. तेरवीला ती माझ्याकडं का पाहत होती ते मला काल कळलं.

मी विचारलं, मग तुम्ही का नाही बोललात? लोक त्याला इतकं बोलत असताना?

ती म्हणाली, “त्याईनं मना केलं. म्हने, सरचं नाव काढू नको. लोकं बोलतीन, अन् ते मंगळवारी येनं बंद करतीन. मंग बाकीच्यायनं कोनापाशी जाचं?” मग म्हणाली, “मी म्हनलं, ते सोताच सांगतीन.”

ओट्यावर मी तुला झापत होतो तेव्हा तुझ्या डोक्यात हे होतं. तोंडाला वास, डोळे लाल, आणि डोक्यात हे, की मी येत राहिलो पाहिजे. मी समजत होतो तुझ्या मेंदूत त्या वेळी दारूशिवाय दुसरं काही शिल्लक नाही. तसं तर माझं चित्र सांगतं. तुझं नाव मातीत गेलं तरी चालेल, पण या खोलीचं कुलूप मंगळवारी उघडलं पाहिजे, हे तू ठरवून टाकलं होतंस आणि बायकोला तोंड बंद ठेवायला लावलं होतंस. तुझी ऐपत मला कधीच कळली नाही रे. मी नऊ वर्षं तुझं नाक वापरलं.

बेबीताईनं जा म्हटलं नाही. कुठं जा, काय सांगा, काहीच म्हटलं नाही. चार वाजले तशी ती हात झटकून उठली, पायात चप्पल घातली आणि मंडळाच्या खोलीकडं चालू लागली. मी तिच्या मागं गेलो.

सतरा-अठरा बाया होत्या. मंदाबाई कागद वाचत होती. मी बसलो नाही. प्रस्तावना केली नाही, उदाहरण दिलं नाही. म्हणालो, देवाजीले त्या दिवशी मी पाठवलं होतं. फोन करून. तुमची पायपीट वाचावी म्हणून. एकटा गेला तर त्याला धोका आहे हे मला माहीत होतं, वहीत लिहिलेलं होतं, आणि त्यानं मला नका पाठवू असं आधीच एकदा सांगितलं होतं. त्याच्याआधी तो कधी एकटा गेला नाही. तुम्ही त्याला जे बोलता ते मला बोला.

मंदाबाईनं कागद खाली ठेवला. तिला आठवलं असावं की पायपीट नको, हे मला तिनंच म्हटलं होतं. तिनं पदर तोंडाला लावला आणि तशीच बसून राहिली. बेबीताई दाराशी उभी होती. मागून एक म्हातारी म्हणाली, “मले तर त्यानं पानी देल्लं होतं, पह्यली मडकी सापडली त्या दिवशी नाल्यात. सगळ्याईले देल्लं अन् सोता पेला नाही.” मग दुसरी काही सांगू लागली, मग तिसरी. तेरवीनंतर पहिल्यांदा त्या खोलीत तुझं नाव घेतलं गेलं.

माझी पाच वाजताची एसटी गेली. मला आवाज ऐकू आला, पण मी उठलो नाही. येऊ नका असं मला कोणी म्हटलं नाही आणि या असंही म्हटलं नाही. तुझ्या अंगणातल्या बाजेवर रात्र काढली, सकाळी तिथंच बसून हे लिहितो आहे. पुढच्या मंगळवारी येईन, देवाजी. लोक बोलतील ते ऐकून घेईन आणि येईन. तू माझं नाव झाकून धरलंस ते माझ्यासाठी नव्हतं, जे अजून यायचे आहेत त्यांच्यासाठी होतं, एवढं मला आता समजलं आहे.